वेगाने वाढणाऱ्या कंपनीत मुलाखत आहे: तयारी कशाची करावी आणि त्यांना काय विचारावे?

खारीगावकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ऐरोलीच्या माइंडस्पेसमधील एका मोठ्या सेवा कंपनीत मला सहा वर्षे आणि पाच महिने झाले. काम जावा आणि स्प्रिंग बूटचे आहे. एका परदेशी विमा कंपनीची दाव्यांची प्रणाली आम्ही सांभाळतो. तिकीट येते, आम्ही बदल करतो, चाचणी करणारा वेगळा संघ तो तपासतो आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या शनिवारी रात्री, रिलीज होते. काम वाईट नाही, माणसे चांगली आहेत. परंतु गेल्या दोन वर्षांत मी नवीन असे काहीच शिकलो नाही, ही गोष्ट कळव्याहून ठाण्याला आणि तिथून ट्रान्स हार्बरने ऐरोलीला जाताना रोज मनात येते.

आता वागळे इस्टेटमधील एका कंपनीकडून मुलाखतीचे बोलावणे आले आहे. छोट्या दुकानदारांच्या उधारीचा आणि पेमेंटचा हिशेब ठेवणारे ॲप ते बनवतात. दीड वर्षापूर्वी त्यांच्याकडे १५ अभियंते होते, आज ९० आहेत. एकूण पाच फेऱ्या होतील असे सांगितले आहे: फोनवरची एक, कोड लिहिण्याची एक, सिस्टिम डिझाइनची एक, एका वरिष्ठ अभियंत्याबरोबर जुन्या कामाविषयीची एक आणि शेवटी मॅनेजरची. पगार सध्याच्या दीडपट होईल असा अंदाज त्यांच्या एचआरने दिला आहे, त्याशिवाय ईसॉप (कंपनीचे शेअर घेण्याचे ऑप्शन) देऊ असेही म्हटले आहे.

माझी अडचण अशी की माझी शेवटची खरी मुलाखत कॉलेजच्या कॅम्पसमध्ये झाली होती. घराचे कर्ज चालू आहे, मुलगी तीन वर्षांची आहे, आई आमच्याजवळच असते. मुलाखतीची तयारी नेमकी कशाची करावी, अशा कंपनीत रोजचे काम प्रत्यक्षात कसे असते, आणि हो म्हणण्यापूर्वी त्यांच्याकडून काय काढून घ्यावे, हे या वाटेने गेलेल्यांनी सविस्तर सांगितले तर उपकार होतील.

तुर्भेकर

मी गेली चार वर्षे एका प्रॉडक्ट कंपनीत मुलाखती घेतो, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते लिहितो.

कोडच्या फेरीबद्दल लोक उगाच धास्ती घेतात. पाऊण तासात आम्ही जे विचारतो ते बहुतेकदा साधेच असते. उदाहरणार्थ, दहा लाख व्यवहारांच्या यादीत तोच व्यवहार-क्रमांक दोनदा आला आहे का, ते शोधा. पुष्कळ उमेदवार प्रश्न ऐकताच एकात एक अशी दोन लूप लिहू लागतात. प्रत्येक नोंद प्रत्येक नोंदीशी ताडायची म्हटले तर सुमारे ५० हजार कोटी तुलना होतात. तेच, पाहिलेले क्रमांक हॅशसेटमध्ये (ज्यात एखादी नोंद आहे का ते लगेच कळते अशा साठ्यात) ठेवत गेले तर एका फेरीत काम होते. पण मला एवढ्याने समाधान नसते. ‘ही यादी मेमरीत मावेल का?’, ‘क्रमांक कधी रिकामा असू शकतो का?’, ‘दुसऱ्यांदा आलेली नोंद चूक मानायची की तो ग्राहकाने केलेला पुन्हा प्रयत्न असू शकतो?’ असे उमेदवाराने कोड लिहिण्याआधी विचारले, तर त्याने खऱ्या माहितीवर काम केले आहे हे कळते. विचार करताना बोलत राहा. मराठी, हिंदी, इंग्रजी, जे सुचेल ते चालते. दहा मिनिटांची शांतता मात्र चालत नाही, कारण त्या शांततेबद्दल मला फीडबॅकमध्ये काहीच लिहिता येत नाही.

डिझाइनच्या फेरीत, कंपनी पेमेंटमधली असल्यामुळे, हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात येईलच: ग्राहकाने पैसे भरले, उत्तर परत येण्याआधी नेटवर्क तुटले, आणि ॲपने तीच विनंती पुन्हा पाठवली, पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून काय कराल? पुस्तकी उत्तर असे की ॲपने प्रत्येक व्यवहारासाठी एक वेगळी खूण आधीच तयार करावी, पुन्हा पाठवताना तीच खूण पाठवावी आणि सर्व्हरने ती पूर्वी पाहिली असेल तर नवीन व्यवहार न करता जुनेच उत्तर द्यावे. एका मुलीने हे मला पिठाच्या गिरणीवरून समजावले होते: डब्यावर नावाची चिठ्ठी असली की घरातून दोघे जण विचारायला गेले तरी दळण एकदाच होते. उदाहरण गोड होते, पण तिची निवड झाली ती पुढच्या दहा मिनिटांमुळे. मी विचारले, ‘दोन विनंत्या एकाच क्षणी दोन सर्व्हरांवर पोचल्या तर?’ ती म्हणाली, आधी शोधा आणि नसेल तर लिहा असे केले तर दोघांनाही चिठ्ठी सापडणार नाही आणि दोघेही दळायला बसतील. म्हणून त्या खुणेवर डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच खूण दोनदा लिहू न देणारे बंधन हवे, म्हणजे दुसऱ्याचे लिहिणे तिथेच अडेल. मग मी विचारले, ‘बँकेकडून उत्तरच आले नाही तर?’ इथे निम्मे उमेदवार ‘व्यवहार अयशस्वी धरू’ असे म्हणतात आणि तिथेच घसरतात. पैसे कापले गेले असतील किंवा नसतील. आपल्याला ठाऊक नाही, एवढेच खरे. तेव्हा यशस्वी आणि अयशस्वी यांच्या जोडीला ‘अनिश्चित’ ही तिसरी स्थिती ठेवावी लागते, बँकेकडे स्थिती पुन्हा पुन्हा विचारावी लागते आणि दिवसाअखेर दोन्हीकडच्या नोंदींचा ताळमेळ घालावा लागतो. यूपीआय वापरणाऱ्या प्रत्येकाने ‘पेंडिंग’ हा शब्द पाहिलेला असतो. तो तिथे का असतो, हे सांगता आले की फेरी जवळजवळ झालीच.

आणि आता तुमच्यासारख्या सेवा कंपनीतून येणाऱ्यांचा खास दोष, जो चौथ्या फेरीत बाहेर पडतो. तुम्ही सगळे ‘आम्ही केले’ असे म्हणता. आम्ही मायग्रेशन केले, आमच्या टीमने परफॉर्मन्स सुधारला. आपल्याकडे ‘मी, मी’ करणे असभ्य समजतात आणि घरी तसेच शिकवलेले असते, हे मला मान्य आहे, कारण मीही त्याच घरातला आहे. परंतु मुलाखत घेणाऱ्याला टीमला नोकरी द्यायची नसते. मी तीन वेळा विचारतो, ‘यात तुम्ही स्वतः काय केले?’ आणि तिसऱ्यांदाही ‘आम्ही’ असेच उत्तर आले की नाइलाजाने लिहितो, ‘वैयक्तिक सहभाग स्पष्ट झाला नाही.’ तुमच्या सहा वर्षांतील तीन कामे निवडा. प्रत्येकात अडचण काय होती, कोणते दोन मार्ग समोर होते, तुम्ही कोणता घेतला, का घेतला आणि पुढे काय बिघडले, हे आरशासमोर नव्हे, घरातल्या कोणाला तरी मोठ्याने सांगून पाहा. शेवटचा भाग गाळू नका. ज्याच्या कामात कधीच काही बिघडले नाही, त्याच्या हाती कोणी महत्त्वाचे काम दिलेच नसावे, अशी शंका येते.

निवृत्त पेजर

तुर्भेकरांनी आत जाण्याचा रस्ता सांगितला. आत गेल्यावर काय असते ते मी सांगतो. अशाच एका कंपनीत (नाव लिहीत नाही) मी तीन वर्षे होतो. मी गेलो तेव्हा आम्ही वीस जण होतो, सोडले तेव्हा दीडशेच्या वर.

धागाकर्त्यांनी दिलेला १५ वरून ९० हा आकडा नीट पाहा. पंधरा माणसांत दोघा-दोघांच्या जोड्या होतात १०५. नव्वद माणसांत होतात ४,००५. माणसे सहापट झाली, परंतु कोणी कोणाशी बोलायला हवे याच्या शक्यता जवळजवळ चाळीसपट झाल्या. पंधरा जणांत सगळे काही चहाच्या टपरीवर ठरते: हा कॉलम का आहे, तो सर्व्हर बंद केला तर काय होईल, अमुक ग्राहकासाठी केलेली जुगाड कुठे आहे. नव्वद जणांत ते टपरीवर ठरू शकत नाही, लिहून ठेवावे लागते. आणि ज्यांनी कंपनी उभी केली त्या पहिल्या पंधरा जणांना लिहिण्याची सवय नसते, कारण त्यांना कधी गरजच पडलेली नसते. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडले होते की संस्था ज्या रीतीने आपापसात बोलते, तिच्या प्रणालीची रचनाही त्याच घाटाची होते. आमच्याकडे दोन मॅनेजर एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांच्या दोन सर्व्हिसही एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. हा विनोद नाही. ग्राहकाचा पत्ता दोन्हीकडे वेगवेगळा साठवलेला होता, आणि कोणता खरा, हे ठरवायला आम्हाला सात महिने लागले.

आता रात्रीचे. तुमच्याकडे महिन्यातून एक रिलीज आहे. इथे दिवसातून दहा असतील, आणि ज्याने कोड लिहिला त्यालाच तो चालवावाही लागतो. ऑन-कॉल म्हणजे एक आठवडा फोन उशाशी, लॅपटॉप चार्ज केलेला, आणि लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा पाठीवर बॅग. एका सणाच्या आदल्या रात्री ॲपवर नेहमीच्या कितीतरी पट गर्दी झाली. आमची यंत्रणा हुशार होती: गर्दी वाढली की ती आपोआप सर्व्हर वाढवत असे. प्रत्येक सर्व्हर सुरू होताच डेटाबेसकडे २० जोडण्या उघडून ठेवत असे. चार सर्व्हर होते तोवर ८० जोडण्या. सहावा सर्व्हर आला तेव्हा मागणी १२० वर गेली, आणि पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसची मर्यादा मूळची जी १०० असते ती कोणी बदललेलीच नव्हती. नव्या सर्व्हरांना जोडणी मिळेना, म्हणून ते आजारी ठरले. ते आजारी ठरले म्हणून यंत्रणेने त्यांना मारून आणखी नवे उभे केले. नव्यांनीही त्याच दारावर धडका दिल्या. गर्दीवर उपाय म्हणून वाढवलेले सर्व्हरच आम्हाला खाली घेऊन गेले. रात्री पावणेतीनला मी घणसोलीच्या घरी, स्वयंपाकघरात उभा राहून (बेडरूममध्ये मूल झोपले होते), सर्व्हरांची संख्या हाताने चारवर आणून बांधली, तेव्हा कुठे श्वास घेता आला. पुढच्या आठवड्यात मध्ये पीजीबाउन्सर बसवला, म्हणजे शेकडो जोडण्यांची मागणी थोड्याशा खऱ्या जोडण्यांवर वाटली जाऊ लागली.

बिघाड कुठेही होतात, त्याचे मला काही वाटत नाही. नोकरी मी सोडली ती त्यानंतरच्या बैठकीमुळे. तिथे पहिला प्रश्न ‘असे का घडले?’ असा नव्हता, ‘ही मर्यादा तपासायची जबाबदारी कोणाची होती?’ असा होता. ज्या मुलाने दोन वर्षांपूर्वी तो डेटाबेस उभा केला होता त्याचे नाव निघाले, आणि त्या दिवसापासून सगळ्यांनी बिघाडाबद्दल खरे लिहिणे बंद केले. तेच चार बिघाड मग वर्षभर आलटून पालटून येत राहिले.

म्हणून माझा सल्ला: ‘वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?’ असे मुळीच विचारू नका. त्याचे उत्तर सगळीकडे एकच मिळते. घडून गेलेल्या गोष्टी विचारा. गेल्या तीन महिन्यांत मध्यरात्री किती वेळा कोणाला उठवले गेले, आणि त्यांतले किती प्रसंग एकाच कारणाने आले? शेवटचा मोठा बिघाड कोणता, त्याचा लेखी अहवाल आहे का, आणि त्यातल्या दुरुस्त्यांपैकी किती पूर्ण झाल्या? गेल्या सहा महिन्यांत तुमचा मॅनेजर किती वेळा बदलला? ज्या कामासाठी मला घेता आहात, त्याच कामासाठी सहा महिन्यांपूर्वी घेतलेला माणूस आज काय करतो आहे? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या ठिकाणी मुलाखतीत सांगितलेले काम सहा महिन्यांनी तसे उरत नाही. ते बदलते तेव्हा माणसाला विचारून बदलते की सोमवारी सकाळी नुसते कळवले जाते, एवढेच पाहायचे. आणि हे प्रश्न निदान दोघांना, वेगवेगळ्या फेऱ्यांत विचारा.

हिशेबनीस

मी अभियंता आहे, पण नोकऱ्या बदलताना दोनदा हात पोळल्यामुळे मैत्रिणींमध्ये माझे हेच नाव पडले आहे. दादा, तुम्ही ‘पगार दीडपट’ असे लिहिले आहे; ते सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) दीडपट आहे की हातात येणारा पगार? सीटीसीमध्ये मालकाचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा, कमी-जास्त होणारा भाग) असे सगळे धरलेले असते. घराचा हप्ता व्हेरिएबलमधून जात नाही. स्थिर पगाराचे महिन्याचे गणित लेखी मागा.

ईसॉपविषयी बहुतेकांचा गैरसमज असतो की ते मिळालेले पैसे आहेत. ती ठरावीक किमतीला शेअर विकत घेण्याची मुभा आहे. भारतीय कायद्याप्रमाणे दिल्यापासून निदान एक वर्ष तरी ते आपले होत नाहीत. पुष्कळ कंपन्या चार वर्षांत टप्प्याटप्प्याने देतात. ‘५,००० ऑप्शन’ या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. कंपनीचे एकूण शेअर एक कोटी असतील तर तुमचा वाटा ०.०५ टक्के होतो; एकूण आकडा सांगायला नकार मिळाला, तर त्या ऑप्शनची किंमत मनात शून्य धरून निर्णय घ्या.

आणि कर. समजा तुमच्याकडे १,००० ऑप्शन आहेत, घेण्याची किंमत १० रुपये आहे आणि घेतेवेळी शेअरचे मूल्य ५१० रुपये ठरले. मधला ५ लाखांचा फरक त्या वर्षीच्या पगारात मिळवला जातो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह १,५६,००० रुपये कर, शिवाय घेण्याचे १०,००० वेगळे. शेअर बाजारात नोंदलेला नसेल तर तो विकून हा कर भरता येत नाही. खिशातून भरावा लागतो. पुढे विकाल तेव्हा भांडवली नफ्याचा कर निराळा. काही पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा पगारातला कर पुढे ढकलण्याची सवलत २०२० पासून आहे, पण ती सगळ्या स्टार्टअपना लागू नाही आणि नोकरी सोडली की संपते. तुमची कंपनी त्यात बसते का, हे एचआरला स्पष्ट विचारा. नोकरी सोडल्यावर किती दिवसांत ऑप्शन वापरावे लागतील, हेही विचारा. काही ठिकाणी तीनच महिने मिळतात, आणि त्या तीन महिन्यांत दीड लाखाचा कर भरायचा की चार वर्षांची कमाई सोडून द्यायची, हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला होता. मी सोडून दिली.

आता तुमच्या फायद्याची एक गोष्ट, जी तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्हाला सहा वर्षे पाच महिने झाली आहेत. ग्रॅच्युइटी मोजताना शेवटचे मूळ वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षे असा हिशेब असतो, आणि सहा महिन्यांहून अधिक झालेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात. मूळ वेतन ४५,००० मानले तर सहा वर्षांचे सुमारे १,५५,८०० होतात आणि सात वर्षांचे सुमारे १,८१,७००. तुमचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असेल आणि तो तुम्ही पूर्ण केला, तर तुम्ही आपोआप सात वर्षांत बसता. नवी कंपनी घाई करील, ‘नोटीस आम्ही विकत घेतो’ (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून तुम्हाला लवकर सोडवतो) असे म्हणेल. तेव्हा शेवटच्या दिवसाची तारीख स्वतः मोजा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) पुढे न्या.

सेक्टर सतरा

तुर्भेकरांशी एका बाबतीत असहमत. चांगला मुलाखतकार कसा विचार करतो ते त्यांनी लिहिले आहे, परंतु झपाट्याने भरती करणाऱ्या कंपनीत चांगला मुलाखतकार वाट्याला येईलच असे नाही. मी अशा दोन ठिकाणी पाच-पाच फेऱ्या देऊन नापास झालो. एका ठिकाणी कोडची फेरी घेणारा मुलगा स्वतः कंपनीत येऊन दहा आठवडेच झालेला होता. यादीतला प्रश्न वाचून दाखवत होता आणि माझे उत्तर त्याच्याजवळच्या उत्तरासारखे दिसत नाही म्हणून गोंधळला होता. त्यामुळे लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावरचे मध्यम पातळीचे प्रश्न रोज दोन, असे निदान सहा आठवडे सोडवाच: ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, ट्री, ग्राफ. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगमध्ये फार खोल जाऊ नका. ऐरोलीच्या परतीच्या गाडीत बसायला जागा मिळत असेल तर एक प्रश्न तिथेच होतो.

तुर्भेकर

सेक्टर सतरांचे म्हणणे मान्य. आमच्याकडेही भरतीच्या दोन महिन्यांत असे नवशिके पुढे बसवले गेले होते, आणि काही चांगली माणसे आम्ही परत पाठवली. एवढेच जोडतो की मुलाखतकाराची तयारी नसणे हीसुद्धा उमेदवाराला मिळालेली माहितीच आहे. ज्यांना एक तासाची मुलाखत नीट बसवता येत नाही, ते तुमचा पहिला महिना कसा बसवणार, याचा विचार करावा.

खारीगावकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. सात आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण पाचही फेऱ्या कालपर्यंत आटोपल्या.

कोडच्या फेरीत सेक्टर सतरा म्हणाले तेच झाले: प्रश्न यादीतला होता आणि तो मी आधी सोडवलेला निघाला. डिझाइनमध्ये दुकानदाराच्या खात्यात तीच उधारी दोन फोनवरून एकाच वेळी नोंदवली गेली तर काय, हा प्रश्न आला. गिरणीची चिठ्ठी आठवली. उदाहरण सांगितले नाही, पण युनिक कन्स्ट्रेंटपर्यंत स्वतः पोचलो. ‘तिसरी स्थिती’ मात्र त्यांनी आठवण करून दिल्यावरच सुचली. चौथ्या फेरीत मी सातत्याने ‘मी’ म्हणत होतो आणि प्रत्येक वेळी कानाची पाळी गरम होत होती. आधी चार रात्री बायकोला तीच तीन कामे सांगितली होती. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, आता ही मुलाखत मीसुद्धा देऊ शकेन.

निवृत्त पेजर यांचे प्रश्न मी चौथ्या आणि पाचव्या फेरीत, दोघांना वेगवेगळे विचारले. वरिष्ठ अभियंत्याने सांगितले की तीन महिन्यांत अकरा वेळा रात्री उठावे लागले आणि त्यांतले सहा प्रसंग एकाच अहवालाच्या जॉबमुळे (अहवाल बनवणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममुळे) होते, जो मध्यरात्रीनंतर चालतो आणि मुख्य डेटाबेसला गुदमरवतो. मॅनेजर आधी हसल्या, म्हणाल्या की ‘साधारण चार-पाच वेळा’, आणि मग स्वतःच लॅपटॉप माझ्याकडे वळवून ऑन-कॉलची यादी उघडली. अकराच होते. त्या दोन क्षण काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘हे मला ठाऊक असायला हवे होते.’ बिघाडांचे लेखी अहवाल आहेत, त्यांत कोणाची नावे नाहीत, पण निम्म्याहून अधिक दुरुस्त्या अपूर्ण आहेत हेही त्यांनी दाखवले. सहा महिन्यांपूर्वी घेतलेल्या माणसाविषयी विचारले, तेव्हा कळले की तो पेमेंटसाठी आला होता आणि आता त्याच अहवालाच्या जॉबवर काम करतो. त्याने स्वतः मागून घेतले असे दोघांनीही सांगितले.

प्रस्ताव आज आला. हिशेबनीसताईंच्या सांगण्याप्रमाणे महिन्याचे गणित लेखी मागितले: हातात येणारा पगार दीडपट नाही, सव्वापटीच्या थोडा वर आहे. एकूण शेअरांचा आकडा एचआरने दिला नाही, तेव्हा ऑप्शन शून्य धरले. तरीही हप्ता, शाळा आणि आईची औषधे सुटतात. नोटीस विकत घेण्याचा विषय त्यांनी काढलाच. मी नाही म्हटले, आणि त्यांनी फार ताणले नाही. रुजू झाल्यावर पहिले सहा आठवडे एकट्याने ऑन-कॉल देणार नाही, हे मात्र ईमेलवर लिहून घेतले.

घरी चर्चा झाली. आईचा एकच प्रश्न होता, वागळे इस्टेटला गाडी बदलावी लागते का. लागत नाही, कळव्याहून ठाणे, आणि पुढे रिक्षा किंवा बस. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात झाली तेव्हापासूनच्या त्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माझे मामा लेथवर होते, त्यांनी रात्रपाळीचे दिवस आठवून सांगितले की भोंगा तरी वेळेवर वाजायचा.

राजीनामा सोमवारी देतो आहे. तारीख मोजली: शेवटच्या दिवशी सहा वर्षे आणि दहा महिन्यांच्या आसपास होतील. ऐरोलीचा पास पुढच्या महिन्यात संपतो, म्हणजे अजून दोन महिन्यांचा काढावा लागेल.